मुख्याध्यापकाची खुर्ची आणि वर्गातील बाक
(एल्फिन्स्टन हायस्कूलच्या निमित्ताने एक अभ्यास)

कोणत्याही जुन्या शाळेच्या कार्यालयात गेले की भिंतीवर एक लाकडी फलक दिसतो. आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे आणि त्यांच्यापुढे कारकिर्दीची वर्षे त्यावर ओळीने लिहिलेली असतात. माजी विद्यार्थी त्या फलकापुढे क्षणभर थांबतात, आपल्या वेळच्या सरांचे किंवा बाईंचे नाव शोधतात आणि समाधानाने पुढे जातात. शाळेचा महोत्सव आला की याच नामावलीच्या आधारे लेख लिहिले जातात. कोणाच्या काळात इमारत उभी राहिली, कोणाच्या काळात प्रयोगशाळा आली, कोणाच्या काळात निकाल उंचावला, याची नोंद होते. ही नोंद आवश्यकच आहे. परंतु इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांला या फलकाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. यांतील प्रत्येक नावाच्या काळात वर्गातील बाकावर कोण बसत होते, व्हरांड्यात कोण बसत होते आणि शाळेच्या फाटकापर्यंतही कोण पोहोचत नव्हते?

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी लिहिताना हा प्रश्न आम्ही मुंबईतील एका जुन्या सरकारी शाळेच्या आधारे मांडत आहोत. ती शाळा म्हणजे एल्फिन्स्टन हायस्कूल. मुलुंड-घाटकोपरहून गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि महापालिका मार्गाने धोबी तलावाकडे चालू लागावे. तिची दगडी इमारत आजही तेथे उभी आहे. सर अल्बर्ट ससून यांच्या देणगीचा या इमारतीला हातभार लागला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच शाळेतून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. शाळेचे प्रमुखपद आणि शाळेतील शेवटचा विद्यार्थी यांचे नाते समजून घेण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे.

शाळा कोणासाठी निघाली?

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ते पद सोडून निघाले तेव्हा मुंबईच्या धनिक नागरिकांनी त्यांच्या नावे शिक्षणासाठी निधी उभारला. त्यातून १८३० च्या दशकात उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी तेथेच अध्यापन केले आणि दादाभाई नौरोजी तेथेच शिकून पुढे प्राध्यापक झाले. १८४० मध्ये हे वर्ग आणि आधीपासून चालू असलेली इंग्रजी शाळा एकत्र आली. पुढे १८५६ मध्ये महाविद्यालय आणि हायस्कूल पुन्हा वेगळे करण्यात आले. एल्फिन्स्टन हायस्कूल ही स्वतंत्र शाळा झाली ती तेव्हापासून. तिच्या प्रमुखाला त्या काळी प्रिन्सिपॉल म्हणत. इलाख्याच्या शिक्षणखात्यात हे पद मोठ्या मानाचे होते.

या शाळेत कोणी शिकावे, याविषयी तत्कालीन शिक्षणधुरिणांच्या मनात फारसा संदेह नव्हता. सर अर्स्किन पेरी यांच्या अध्यक्षतेखालील बोर्ड ऑफ एज्युकेशनचे धोरण सरळ होते. निधी अपुरा आहे. म्हणून आधी वरच्या वर्गांना उत्तम शिक्षण द्यावे, ते पुढे खाली झिरपेल. वरच्या वर्गात कोण मोडते, याचीही चर्चा बोर्डाच्या १८५०-५१ च्या अहवालात जातवार केलेली आहे. बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्यांच्या शिक्षणाचा हा सारा इतिहास सरकारी कागदपत्रांच्या आधारे मांडला आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ते निवेदन एकदा तरी मुळातून वाचावे. ज्यांच्यापर्यंत शिक्षण झिरपायचे होते, त्यांच्यापैकीच एक जण पाऊणशे वर्षांनी त्या धोरणाचा हिशेब मागतो आहे, हे त्यात पाहायला मिळते.

१८५५ आणि १८५६ : दोन मुले, दोन शाळा

ज्या वर्षी एल्फिन्स्टन हायस्कूल स्वतंत्र झाले त्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, मुंबई सरकारकडे एका महार मुलाचा अर्ज आला. फी भरण्याची तयारी असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत आपल्याला प्रवेश नाकारला गेला, अशी त्याची तक्रार होती. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने नाकारले नाही. मात्र एका मुलासाठी प्रवेश दिला तर इतर मुले शाळा सोडतील आणि शिक्षणाच्या कार्याची हानी होईल, असे कारण देऊन सरकारने हस्तक्षेप टाळला. हे प्रकरण कलकत्ता आणि लंडनपर्यंत गेले. अखेरीस १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावे लागले की, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांना भेदभावाविना खुल्या राहतील, आणि जातीच्या कारणावरून शिक्षण नाकारणाऱ्या अनुदानित शाळेची मदत बंद करण्याचा अधिकार सरकारकडे असेल.

याच्या एकच वर्ष आधीची, १८५५ ची, एक घटना याशेजारी ठेवून पाहावी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी एका कोवळ्या वयाच्या मुलीने लिहिलेला तो निबंध आज मराठी साहित्याच्या इतिहासात मानाने नोंदला जातो.

एकीकडे सरकारचा पैसा, सरकारचा अधिकार आणि सरकारची इमारत असलेली शाळा. तेथे मुलाला दार बंद. दुसरीकडे वर्गणीवर चालणारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष सोसणारी शाळा. तेथे मुलगी लिहिती झाली. दोन्ही ठिकाणचा समाज तोच, रूढी त्याच, जातीचा धाकही तोच. फरक होता तो शाळा चालवणाऱ्यांमध्ये. धारवाडमध्ये इतर मुले निघून जातील या भीतीने निर्णय झाला. पुण्यात सावित्रीबाईंनी अंगावर शेणमाती झेलली, पण वर्ग थांबवला नाही. शाळेच्या प्रमुखपदाचा पहिला धडा आम्ही येथून घेतो. समाज तयार नाही, हे वाक्य शाळाप्रमुखाच्या तोंडी शोभत नाही. समाज तयार करण्यासाठीच त्याला तेथे बसवलेले असते.

खुर्चीवर भारतीय माणूस

एल्फिन्स्टन हायस्कूलची प्रमुखाची खुर्ची दीर्घकाळ इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यांकडे होती. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय म्हणजे वामन आबाजी मोडक. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. यांपैकी भांडारकरांनीही आरंभी सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील सरकारी हायस्कुलांचे मुख्याध्यापकपद सांभाळले होते. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. मोडक त्या समाजाच्या अग्रणी मंडळींपैकी एक होते. विद्वत्ता आणि सुधारकी वृत्ती या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी होत्या. परक्या राजवटीत एका भारतीयाने असे पद मिळवणे हा त्या काळच्या सुशिक्षितांना राष्ट्रीय अभिमानाचा विषय वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

आम्हीही तो अभिमान नाकारत नाही. परंतु त्याच कालखंडात जोतीराव फुले दुसराच प्रश्न विचारत होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारचा शिक्षणावरील पैसा शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या करातून येतो; पण उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या जातींच्या पदरी पडतो. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडा, म्हणजे ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, असा त्यांचा आग्रह होता. खुर्चीवर इंग्रज आहे की भारतीय, एवढ्याने फुल्यांचे समाधान होणार नव्हते. त्या खुर्चीवरून समोरच्या कोणत्या मुलाला आपले मानले जाते, हा त्यांचा प्रश्न होता.

हंटर आयोगाने जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत कोणालाही नकार मिळू नये, या तत्त्वाचा पुनरुच्चार केला; पण अंमलबजावणी सावधपणे व्हावी, असेही सुचवले. आणि सावधपणाचा अर्थ काय घ्यायचा, हे गावोगावचे मुख्याध्यापक ठरवत राहिले.

साताऱ्याचे गोणपाट, मुंबईचा फळा

अशा वातावरणात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत दाखल झाले. जुन्या राजवाड्यात भरणारी ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचे ठरवले, ते याच प्रवेशामुळे.

प्रवेश मिळाला, १८५८ च्या तत्त्वानुसार तो मिळायलाच हवा होता. परंतु 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी पुढची हकिकत सांगितली आहे. वर्गात त्यांना इतरांपासून दूर, कोपऱ्यात बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा असे आणि शाळेची झाडलोट करणारा नोकर त्याला हात लावत नसे. म्हणून तो रोज घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून द्यावा लागे. शिपाई नसेल तर पाणी नाही.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये स्थिती थोडी बदलली, पण संपली नाही. संस्कृत शिकण्याची इच्छा असताना संस्कृतच्या शिक्षकांच्या नकारामुळे त्यांना फार्सी घ्यावी लागली. एकदा शिक्षकांनी गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गात एकच धावपळ उडाली. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले आणि मगच भीमरावाला फळ्यापर्यंत जाता आले.

हे प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांतून अनेकदा ऐकलेले असतात आणि ऐकून डोळे पाणावतात. येथे मात्र शिक्षकाच्या नजरेने त्यांची उकल करू. कोणता विद्यार्थी कोठे बसेल, हे कोण ठरवते? पाण्याच्या नळावर शिपाई कोण नेमते? कोणता विषय कोणाला घेता येईल, याचा अंतिम निर्णय कोणाचा? जेवणाचे डबे वर्गात कोठे ठेवायचे, हा नियम कोण करते? या चारही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. यांतील एकाही गोष्टीसाठी लंडनचा हुकूम किंवा नवा कायदा लागत नव्हता. मुख्याध्यापकाने शिपायाला एक सूचना दिली असती, एका शिक्षकाला कार्यालयात बोलावले असते, डब्यांसाठी व्हरांड्यात एक फळी ठोकून घेतली असती, तरी एका मुलाचे बालपण निराळे झाले असते. अन्यायाची मुळे धर्मशास्त्रात होती, हे खरे. पण रोज सकाळी अकरा वाजता शाळेत त्याला पाणी घातले जात होते ते अशा लहानसहान व्यवस्थांमधून, आणि त्या व्यवस्था शाळेच्याच होत्या.

याची दुसरी बाजूही इतिहासाने जपली आहे. साताऱ्याच्या शाळेतील आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी मधल्या सुटीत आपल्या डब्यातील भाकरी-भाजी भीमरावाला द्यावी, हे साधे कृत्य. पण बाबासाहेबांनी ते जन्मभर स्मरणात ठेवले. मुंबईत विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत एकाग्रतेने वाचत बसणाऱ्या या मुलाजवळ आपण होऊन गेले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक पुढे कोठवर पोहोचले, हे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरने जगाला सांगितले. केळुसकर भीमरावाच्या शाळेचे नव्हते. जे काम त्याच्या शाळेने करायचे होते, ते बागेत भेटलेल्या एका परक्या शिक्षकाने केले.

हुकूम आणि अंमल

शाळेच्या दारापासून बाकापर्यंतचे अंतर किती मोठे आहे, हे ओळखणारा राज्यकर्ता म्हणजे राजर्षी शाहू महाराज. १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत दाखल करण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा ही सोय वाटली तरी ती भिंतच असते, हे त्यांनी जाणले होते.

मुंबई इलाख्यात ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळाने एक ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, न्यायालये, दवाखाने आणि सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. तो मांडणारे होते सीताराम केशव बोले. सोळा वर्षांपूर्वी भीमरावाच्या सत्काराचे अध्यक्षपद भूषवणारे तेच बोले. हा ठराव अंमलात यावा म्हणून १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, यावरूनच कागद आणि व्यवहार यांतील दरी दिसून येते. तळ्यासाठी सत्याग्रह झाला. शाळाशाळांतून मात्र तो सत्याग्रह रोज, एकेका मुलाला, एकट्याने करावा लागत होता.

खुर्चीवर बाबासाहेब

१९३५ हे वर्ष आपण येवल्याच्या घोषणेसाठी स्मरतो. त्याच वर्षी २७ मे रोजी माता रमाईंचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या आरंभी, बाबासाहेबांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. गोणपाटावर बसलेला विद्यार्थी पस्तीस वर्षांनी सरकारी महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसला. १९३८ पर्यंत ते या पदावर होते. इलाख्यातील कायदेशिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात, याविषयीचा त्यांचा विस्तृत लेख महाविद्यालयाच्या मासिकात जानेवारी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मांतराच्या घोषणेने देश ढवळून निघालेला असताना हे प्राचार्य अभ्यासक्रमाचा तपशील लिहीत होते, हे आपण विसरू नये.

पुढे ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेली संस्था उभी राहिली. या संस्थांचे प्रमुख निवडताना बाबासाहेबांनी काय पाहिले? सिद्धार्थच्या आरंभकाळात त्यांनी प्राचार्यपद दिले ते अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकर या संस्कृत पंडितांना. ज्यांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांनी आपल्या पहिल्या महाविद्यालयाची धुरा संस्कृतच्या विद्वानाकडे सोपवावी, यातील मोठेपण वेगळे सांगायला नको. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ग्रामीण मराठवाड्यातून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच पाटी हाती धरलेल्या मुलांना घडवले. पुढे डॉ. म. ना. वानखेडे त्याच मिलिंदचे प्राचार्य झाले आणि दलित साहित्याच्या चळवळीचा एक प्रवाह त्या परिसरातून वाहू लागला. बाबासाहेबांच्या निवडीत दोन कसोट्या दिसतात. माणूस विद्येत पक्का असावा आणि समोरच्या मुलाला तो आपले मानणारा असावा. जात ही त्यांची कसोटी नव्हती. आपल्या जातीचा म्हणून पसंती नाही आणि परक्या जातीचा म्हणून नकारही नाही.

वसतिगृहाचा प्रमुख

आपली शाळा निवासी आहे, म्हणून एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना २० जुलै १९२४ रोजी झाली आणि तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला सुरू झालेले वसतिगृह. त्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवणारे वसतिगृह चालवले. १९४० मध्ये तेथेच महाराजा सयाजीराव मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. ज्या गावात १९०० साली एका मुलाला वेगळे गोणपाट होते, त्याच गावात ही सहभोजने घडली. गाव तेच होते. चालवणारे हात बदलले होते.

दिवसाच्या शाळेतील मुख्याध्यापकाला मूल पाच-सहा तास दिसते. निवासी शाळेत ते रात्री तापाने फणफणते, सणाला घरी जाऊ न शकल्याने एकटे रडते, दुसऱ्याचे नवे बूट पाहून गप्प बसते. हे सारे पाहण्याची जबाबदारीही त्याच खुर्चीवर येते. येथे पटावरील नोंदीपेक्षा ताटात काय वाढले गेले, याला अधिक मोल असते.

उपनगरांतील आपण

बाबासाहेब एल्फिन्स्टनमध्ये शिकत होते तेव्हा आपली उपनगरे मुंबईत नव्हती. १९५० मध्ये शहराची हद्द अंधेरी-घाटकोपरच्या पुढे सरकली आणि १९५७ मध्ये ती बोरिवली-दहिसर आणि मुलुंडला पोहोचली. परळ-भायखळ्याच्या चाळींतून आणि गावाकडून आलेली आपली कुटुंबे याच पट्ट्यात स्थिरावली. आज त्या कुटुंबांची मुले-मुली शिक्षक, पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक झाली आहेत. फलकावर आता आपलीही नावे लागू लागली आहेत. म्हणूनच १९०० सालचा प्रश्न आता आपल्याला विचारला जाणार आहे.

आज संविधानाचे सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते, एकविसावे-अ कलम शिक्षणाचा हक्क देते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा वंचित व दुर्बल घटकांसाठी खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा राखतो आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करतो. दार उघडे आहे. परंतु पंचवीस टक्क्यांतून आलेले मूल कोणत्या तुकडीत बसवले जाते? निकालाच्या टक्केवारीसाठी दहावीच्या कच्च्या विद्यार्थ्याला बाहेरून बसण्याचा सल्ला कोण देते? इंग्रजी नीट न येणाऱ्या आईशी कार्यालयात कोणत्या सुरात बोलले जाते? सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचली जातात का? गोणपाट आता दिसत नाही, कारण ते कापडाचे राहिलेले नाही.

बौद्धांनी चालवलेली शाळा या दोषांपासून आपोआप मुक्त असते, असे मानणे आम्हांला धोक्याचे वाटते. फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या शाळांना लावलेली मोजपट्टी आपल्या शाळेला अधिक काटेकोरपणे लावली पाहिजे. म्हणून आमची एक सूचना आहे. मुख्याध्यापकांच्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या मुलाने किंवा मुलीने मधूनच शाळा सोडली, तिचे नाव, इयत्ता आणि सोडण्याचे कारण त्या वहीत स्वतः मुख्याध्यापकाने लिहावे. त्यापुढे, ते मूल परत यावे म्हणून कोण घरी गेले आणि किती वेळा गेले, हेही लिहावे. वर्षअखेरीस ती वही संचालक मंडळापुढे मांडावी. तिच्यात लिहिलेली नावे जेवढी कमी आणि घरी घातलेल्या फेऱ्या जेवढ्या जास्त, तेवढी ती कारकीर्द मोठी समजावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १८५८ च्या सरकारी घोषणेनंतरही १९०० साली साताऱ्याच्या शाळेत भेदभाव कसा टिकून राहिला? कायदा आणि शाळेचे दैनंदिन नियम यांचा संबंध स्पष्ट करा.

२. मुक्ता साळवे आणि धारवाडचा अर्जदार मुलगा यांच्या अनुभवांत फरक पडण्याची कारणे लिहा.

३. पालकांसाठी : आपल्या पाल्याच्या वर्गात सर्वांत मागे राहिलेले मूल कोणते, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्या मुलाच्या घरच्यांशी आपण कधी बोललो आहोत का?

४. माजी विद्यार्थ्यांसाठी : आपण शिकत असताना ज्याने किंवा जिने शाळा सोडली, अशा एका वर्गमित्राचे किंवा मैत्रिणीचे नाव आठवा. ती व्यक्ती आज कोठे आहे, याचा शोध घ्या आणि पुढील मेळाव्याला तिला सोबत घेऊन या.